संख्यांचे सोबती : कै. द. रा. कापरेकर

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वयाच्या आठव्या वर्षीच त्यांना मातृवियोग घडला. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला त्यांच्याकडूनच लागली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, १९२७ साली, स्वतंत्र गणिती लेखनासाठी त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढील उच्च शिक्षणाचा योग मात्र आला नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तरकी केली.

संशोधनासाठी त्यांना लागे कागद, पेन्सिल आणि फावला वेळ. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवरील एका रेल्वे स्थानकावर त्यांना काही संख्यांची कल्पना सुचली. त्या स्थानकावरूनच त्यांनी त्या संख्यांना 'डेमलो' हे नाव दिले. नऊ एकांच्या संख्येला, म्हणजे १११११११११ ला, तिनेच गुणले असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी डेमलो संख्या येते. एकापासून नवापर्यंत चढून ती पुन्हा एकावर उतरते. यात चमत्कार नाही. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर सरकवून मांडल्या, की मधल्या घराची बेरीज नऊच भरते आणि हातचा कोठेच उरत नाही. दहा एक घेतले, की मधल्या घरात दहा येतात आणि डौल मोडतो.

आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे म्हटले. वरील सतरा अंकांची बेरीज ८१ होते. मूळ संख्येला ९ ने भाग जात असल्यामुळे तिच्या वर्गाला ८१ ने भाग जातोच. अर्थात ही डेमलो संख्या हर्षदही ठरते!

अनेक विद्वानांना हा निव्वळ पोरखेळ वाटे. कापरेकर खचले नाहीत. पदरमोड करून त्यांनी पुस्तिका छापल्या. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. तरी १९७५ साली अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हाच त्यांची कीर्ती दूरवर पोहोचली. त्या वेळी ते सत्तरीत होते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले होते आणि निवृत्तिवेतन पुरत नसल्यामुळे ते शिकवण्या करीत होते. १९८६ साली ते निवर्तले.

तो गुणधर्म असा : चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची मांडणी वजा करावी; उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ सातव्या वजाबाकीला तेथे पोहोचते, मृत्युवर्ष १९८६ सहाव्या.

परप्रांती वाढणाऱ्या आपल्या मुलांना एखाद्या संध्याकाळी जवळ बसवून हे करून पाहावे. देवळालीच्या या मास्तरांचे स्मरण त्याहून चांगले ते कोणते?