डाव शांत होईपर्यंत थांबा!

मोबाईलवर बुद्धिबळ खेळताना इंजिन बाजूला एक आकडा दाखवतं आणि तुम्ही त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता. पण हा आकडा भलत्याच क्षणी मोजला तर? समजा, वजिराने प्यादं मारलं आणि मोजणी तिथेच थांबली. आकडा म्हणणार, एका प्याद्याचा फायदा! पुढच्याच चालीत वजीर जाणार आहे, याचा त्याला पत्ताच नसतो. संगणक अजून रांगत होता, तेव्हाच ही गोम अ‍ॅलन ट्युरिंगने ओळखली होती.

त्याचा जन्म २३ जून १९१२ चा, लंडनमधला. वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. आईवडील हिंदुस्थानात असताना मुलं इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या घरी वाढली. अ‍ॅलन केंब्रिजला गणित शिकला. तुमच्याहून जेमतेम दोन-चार वर्षांनी मोठा असताना, १९३६ मध्ये, त्याने कुठलीही आकडेमोड करू शकेल अशा यंत्राची कल्पना कागदावर मांडली. महायुद्धात ब्लेचली पार्कमध्ये त्याने जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे गुप्त संदेश फोडायला मोठा हातभार लावला. तिथे ह्यू अलेक्झांडरसारखे पट्टीचे बुद्धिबळपटू त्याचे सहकारी होते. गंमत म्हणजे ट्युरिंग स्वतः मात्र बेताचाच खेळाडू!

१९४८ च्या सुमारास मित्र डेव्हिड चँपरनाऊनसोबत त्याने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम रचला. प्यादं १, घोडा ३, उंट साडेतीन, हत्ती ५, वजीर १० अशी किंमत ठरवली. आपली एक चाल आणि समोरच्याचं एक उत्तर तपासायचं. पण खरी मेख पुढे होती. पटावर मारामारी चालू असेल, तर तिथे गुण द्यायचे नाहीत. मारामाऱ्या संपून डाव शांत होईपर्यंत पुढे बघत राहायचं आणि मगच मोजायचं. आजची इंजिनं हेच करतात. त्याला ‘क्विएसन्स सर्च’ म्हणतात.

हा प्रोग्रॅम चालवेल असा संगणक हाताशी नव्हता. मग १९५२ मध्ये ट्युरिंग स्वतःच संगणक झाला! समोर अ‍ॅलिक ग्लेनी. कागदावर हिशेब करत एकेका चालीला साधारण अर्धा तास. २९ व्या चालीत ‘यंत्रा’च्या वजिराने प्यादं मारलं, समोरच्याने हत्ती सरकवला, वजीर अडकला आणि डाव गेला. म्हणजे मारामारी संपली तरी धोका संपतोच असं नाही. एखादी साधी, शांत चालही घात करते. नजरेच्या टप्प्यापलीकडच्या अशा धोक्यांशी इंजिन लिहिणारे आजही झुंजतात.

त्याच वर्षी, समलैंगिक संबंध हा गुन्हा मानणाऱ्या कायद्याखाली ट्युरिंगला दोषी ठरवलं गेलं. तुरुंग टाळायचा तर हार्मोनची सक्तीची ‘उपचारपद्धती’. गुप्त कामाची दारंही बंद झाली. ७ जून १९५४ ला सायनाइडच्या विषबाधेने तो गेला. वय अवघं ४१. ब्रिटनने त्याला माफी दिली ती २०१३ मध्ये. २०२१ पासून ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे.

घाईत गुण देऊ नका, हे त्याने यंत्राला शिकवलं. त्याच्या देशाला मात्र ते कळायला साठ वर्षं लागली. पुढच्या वेळी इंजिनचा आकडा अचानक वरखाली झाला, तर लगेच चाल खेळू नका. पटावर काही पेटलेलं नाही ना, ते आधी बघा.