अर्‍हेनियस आणि वस्तूंचे आयुर्मान

एखादा भाग २० वर्षे टिकेल, असे कारखानदार सांगतो, तेव्हा २० वर्षे थांबून त्याने ते पाहिलेले नसते. चढ्या तापमानात तो झिजवून काढलेले ते अनुमान असते. बहुतेक वेळा त्यामागे स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अर्‍हेनियस यांचे सूत्र असते. १८५९ साली जन्मलेल्या अर्‍हेनियस यांचा १८८४ चा प्रबंध उप्साला विद्यापीठाने खालच्या श्रेणीत कसाबसा संमत केला; त्याच संशोधनातून आकारलेल्या आयन-सिद्धांताने त्यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळवून दिले. परीक्षकांची ही फजिती सर्वश्रुत आहे. आम्लात उसाच्या साखरेचे विघटन तापमानाबरोबर किती वेगाने वाढते, हे सांगणारे त्यांचे १८८९ चे काम मात्र रसायनज्ञांबाहेर फारसे कोणी स्मरत नाही. १९२७ मध्ये ते निवर्तले. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी त्या सूत्रावर चाचण्यांचे नियोजन उभारले. अधिक नमुने कमी तापमानाला ठेवावेत, असे ते सांगतात. तेथे बिघाड थोडे घडतात, पण नित्य वापराची स्थिती तेथूनच जवळ असते. यात वेळ जातो, म्हणून घाईचा कारखानदार भट्टी आणखी तापवतो. तेथे भाग भलत्याच कारणाने निकामी झाला, तर सूत्र निर्दोष असूनही २० वर्षांची हमी पोकळ ठरते. आणि ते प्रथम कळते ग्राहकाला.