दशांश चिन्हाशिवाय : भास्कराचार्य

ओएसच्या लॅबमध्ये मी कर्नल मोड्युलमध्ये बिनधास्त ‘फ्लोट’ वापरला आणि कंपाइलरने एरर दिली. सीनियरने कारण सांगितलं. सीपीयूच्या फ्लोटिंग पॉइंट रजिस्टर्समध्ये चालू यूजर प्रोग्रामचे आकडे असतात. कर्नलने ते सेव्ह न करता रजिस्टर्स वापरली, तर त्या बिचाऱ्या प्रोग्रामचं उत्तर चुकतं. आणि दरवेळी सेव्ह करायचं तर वेळ जातो. म्हणून लिनक्स लोड ॲव्हरेज काढताना १ च्या जागी २०४८ धरतो आणि सगळी आकडेमोड पूर्णांकात करतो.

ही युक्ती नवी नाही, हे मला नंतर लायब्ररीत कळलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे भास्कराचार्यांचं फक्त नाव ऐकलं होतं.

त्यांचा जन्म इ.स. १११४ चा. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग.

दशांश चिन्ह तेव्हा नव्हतंच. मग पाय कसा घ्यायचा? व्यासाला ३९२७ ने गुणायचं, १२५० ने भागायचं. म्हणजे झाला ३.१४१६. ढोबळ चालत असेल तर २२/७. साइनचंही तसंच. त्रिज्या १ न धरता १२० धरली की ३० अंशांची ज्या ०.५ नाही, सरळ ६०! दर १० अंशांनी वाढ २१, २०, १९, १७, १५, १२, ९, ५, २. बेरीज करून बघा, बरोबर १२०. जास्त अचूक हवं तर त्रिज्या ३४३८. ही रीत आर्यभटापासूनची.

६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला, तोही ग्रहांची आकडेमोड सोपी व्हावी म्हणून. नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. मठाला १२०७ मध्ये मिळालेल्या दानाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने ‘लीलावती’ फारसीत नेली.

भास्कराचार्यांनी कॉम्प्युटर शोधला, असं मी मुळीच म्हणत नाही. पण किती अचूकता हवी ते आधी ठरवायचं आणि तेवढाच खर्च करायचा, हे त्यांना पक्कं कळलं होतं. आपण मात्र आठ दशांश स्थळं जर्नलमध्ये उतरवतो, ती कशाला हे न विचारता.

माझं मोड्युल आता चालतं, सगळे आकडे १०० ने गुणून. नांदेडहून छत्रपती संभाजीनगरमार्गे गेलं, तर कन्नडचा घाट उतरल्यावर पाटण जवळच. सबमिशन संपल्यावर जाऊ या, कोण कोण येतंय?