डॉ. खानोलकर आणि अँजिओग्राफीच्या किरणांचा हिशोब

अँजिओग्राफी सांगितली की रुग्णाच्या घरचे एक प्रश्न हमखास विचारतात: एवढ्या एक्स-रेमुळे पुढे कॅन्सर तर होणार नाही ना? प्रश्न रास्त आहे. उत्तर समजायला मुंबईच्या एका मराठी डॉक्टरांचं आयुष्य उपयोगी पडतं.

डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा जन्म १८९५ चा, कुटुंब मूळचं गोमंतकातलं. लंडन विद्यापीठातून १९२३ मध्ये ते पॅथॉलॉजीत एम.डी. झाले. परत येऊन त्यांनी मुंबईच्या ग्रँट आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलं. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबत नसत. रुग्ण काय खातो, काय ओढतो, कपडे कसे नेसतो याचाही शोध घेत. १९४५ मध्ये त्यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासोबत सवयींमुळे होणाऱ्या तीन कॅन्सरांची नोंद केली. चुट्ट्याचं पेटतं टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांना टाळूचा. ओठाआड तंबाखू-चुना धरणाऱ्यांना ओठाचा. आणि धोतर किंवा साडी वर्षानुवर्षं घट्ट नेसल्याने कमरेच्या घासलेल्या कातडीचा. एका दिवसाच्या धोतराने काही होत नाही. तीच इजा, त्याच जागी, वर्षानुवर्षं होत राहिली तर धोका.

किरणांचंही बरंचसं तसंच आहे, एवढाच फरक की इथे जखम दिसत नाही. एक्स-रे पेशीतल्या डी.एन.ए.ला इजा करतात. बहुतेक इजा शरीर दुरुस्त करतं. एखादी राहून गेली तर कॅन्सर दिसायला बरीच वर्षं जातात. म्हणून तरुण रुग्णाला धोका जास्त, सत्तरीतल्या माणसाला कमी.

अणुबॉम्बच्या चाचण्यांनी जग धास्तावलेलं असताना १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी किरणांच्या परिणामांवर शास्त्रज्ञांची समिती नेमली. भारताकडून तिथे खानोलकर होते. समितीचा पहिला अहवाल १९५८ चा. त्यात बॉम्बच्या धुळीबरोबर दवाखान्यातल्या एक्स-रेचाही हिशोब होता, आणि गरज नसलेले एक्स-रे टाळावेत असा रोख होता. स्वीडनचे रोल्फ सीव्हर्टही त्या समितीत होते. किरणांची मात्रा आज ज्या मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात, ते नाव त्यांचंच.

आता तुमचा हिशोब. निसर्गातून प्रत्येकाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. छातीचा एक एक्स-रे ०.१ किंवा त्याहून कमी. साधी अँजिओग्राफी साधारण ७, अँजिओप्लास्टी १५ च्या आसपास, हृदयाचा न्यूक्लिअर स्कॅन १० किंवा जास्त. यंत्र आणि रुग्णाचं वजन यांवर हे आकडे बदलतात. ई.सी.जी., टू-डी इको आणि ट्रेडमिल टेस्टमध्ये शून्य. इकोला घाबरून नकार देणारेही मी पाहिलेत, म्हणून मुद्दाम सांगतो.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात हार्ट अटॅक आलेल्या ८२,८६१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या; निष्कर्ष २०११ मध्ये आले. दर १० मिलिसीव्हर्टमागे कॅन्सरचा धोका ३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. म्हणजे शंभरातल्या तिघांना जास्त कॅन्सर झाला असं नव्हे. जिथे १०० जणांना झाला असता, तिथे १०३ जणांना. त्यातही कोण किती सिगारेट ओढतं याची थेट नोंद नव्हती, त्यामुळे सगळा दोष किरणांवर टाकता येत नाही.

अटॅक आला असेल तर हा विचार करत बसू नका. बंद पडलेली रक्तवाहिनी आज जीव घेते, वाट पाहत नाही. पण तब्येत स्थिर असताना दरवर्षी 'एकदा बघून घेऊ' म्हणून स्कॅन सांगितला, तर विचारा: याच्या निकालाने माझे उपचार बदलणार आहेत का? स्त्री रुग्णाला दिवस गेले असण्याची शक्यता असेल, तर तपासणीआधीच सांगा.

उमरग्याहून सोलापूरला, लातूरला किंवा हैदराबादला जाताना जुनी सीडी आणि फाईल सोबत न्या. ती घरी राहिली म्हणून तीच तपासणी पुन्हा करावी लागते, हे मी वारंवार पाहतो. तंबाखू मात्र आजच सोडा. ती हृदयालाही मारते आणि कॅन्सरही देते.

खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९७८ मध्ये ते वारले. फाईलच्या पहिल्या पानावर तपासणीचं नाव, तारीख आणि रुग्णालय लिहीत चला. पुढच्या डॉक्टरांना तेवढं पुरतं.