एमा स्मिथ : एका गृहिणीची धर्मसेवा

१८३९ सालच्या फेब्रुवारी महिन्यातील गोष्ट. अमेरिकेतील मिसिसिपी नदी थंडीने गोठून गेली होती आणि त्या बर्फावरून एक चौतीस वर्षांची बाई पैलतीरीच्या क्विन्सी गावाकडे चालली होती. दोन लहानगी तिच्या कडेवर होती. दोन मोठी तिचा झगा घट्ट धरून चालत होती. झग्याच्या आत कमरेला कापडी पिशव्या बांधलेल्या होत्या आणि त्यांत तिच्या पतीने बायबलमध्ये केलेल्या सुधारणांची हस्तलिखिते होती. पती मिसुरी राज्याच्या तुरुंगात होता आणि त्याच्या अनुयायांना गव्हर्नरच्या हुकुमाने राज्याबाहेर काढले जात होते. ही बाई म्हणजे मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची पत्नी एमा.

मॉर्मन म्हटले की आपल्याकडील सुशिक्षितांना बहुधा बहुपत्नीकत्व तेवढे आठवते. त्या पंथाच्या पहिल्या घरची गृहिणी याच चालीशी झगडली, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

एमाचा जन्म १० जुलै १८०४ रोजी पेनसिल्व्हेनियातील हार्मनी या गावी झाला. वडील आयझॅक हेल हे शेतकरी व नामांकित शिकारी. जोसेफ स्मिथ हा दैवी दृष्टान्तांच्या गोष्टी सांगणारा निर्धन तरुण त्यांना जावई म्हणून मुळीच पसंत नव्हता. तेव्हा १८ जानेवारी १८२७ रोजी एमाने त्यांच्या संमतीवाचूनच लग्न केले. पुढे जोसेफ आपला ग्रंथ तोंडाने सांगू लागले, तेव्हा आरंभीची काही पाने त्यांच्या या पत्नीनेच लिहून घेतली. १८३० च्या मार्चमध्ये तो 'मॉर्मनचा ग्रंथ' छापून निघाला आणि एप्रिलमध्ये पंथाची स्थापना झाली. जूनमध्ये एमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

त्याच वर्षीच्या जुलैमध्ये जोसेफ यांनी पत्नीला उद्देशून एक ईश्वरी आदेश सांगितला. त्यात पंथासाठी उपासनागीते निवडण्याचे काम एमाबाईंकडे आले. हे काम तडीस जाण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागला. १८३३ साली विरोधकांच्या जमावाने मिसुरीतील पंथाचा छापखाना उद्ध्वस्त केला आणि सगळेच लांबणीवर पडले. अखेर विल्यम फेल्प्स यांच्या साहाय्याने १८३५ सालचे म्हणून ते पुस्तक ओहायोतील कर्टलंड येथे तयार झाले. हातात मावेल एवढे लहान. आत ९० गीते. काही आयझॅक वॉट्स यांच्यासारख्या जुन्या इंग्रज रचनाकारांची, काही पंथातल्याच मंडळींची.

आम्हा गाणे शिकविणाऱ्यांना या पुस्तकाचा एक विशेष चटकन जाणवतो. त्यात नुसते शब्द आहेत, स्वरलिपी अजिबात नाही. गीताच्या मात्रांना बसेल ती माहितीची चाल घ्यावी आणि सर्वांनी मिळून म्हणावे, अशी तेव्हाची रीत होती. आपल्या भजनी मंडळांत एकच अभंग गावोगाव निरनिराळ्या चालींवर म्हणतात, तसेच काहीसे. १८४१ साली निघालेल्या दुसऱ्या पुस्तकात गीतांची संख्या ३०४ वर गेली.

हे काम चालले होते ते कसल्या संसारात, तेही पाहिले पाहिजे. १८२८ साली झालेले पहिले मूल त्याच दिवशी गेले. १८३१ च्या एप्रिलअखेर जुळे झाले, तेही काही तासांचेच सोबती. त्याच सुमारास पंथातील एका बाईचे जुळ्यांना जन्म देऊन निधन झाले होते. एमाबाईंनी ती दोन्ही बाळे आपल्या पदरात घेतली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये रात्री जमाव घरात घुसला. त्याने जोसेफ यांना ओढून नेऊन त्यांच्या अंगाला डांबर व पिसे फासली. गोवराने आजारी असलेला दत्तक मुलगा त्या रात्रीच्या थंडीत उघड्यावर सापडला आणि काही दिवसांतच दगावला. एमाबाईंच्या पोटी नऊ मुले झाली. वाढली ती चार. दत्तक घेतलेली ज्यूलिया मात्र जगली.

कर्टलंडला घरातल्या माडीवर पंथातील पुरुषांचे धर्मशिक्षणाचे वर्ग भरत. मंडळी तंबाखू ओढीत, चघळीत आणि जमिनीवर थुंकत. ती घाण निपटण्याचे काम घरच्या बाईचे. त्यांच्या तक्रारीवरूनच जोसेफ यांनी या विषयावर ईश्वराला कौल लावला, असे पुढे ब्रिगहॅम यंग यांनी सांगितले. १८३३ च्या फेब्रुवारीतील त्या आदेशाने तंबाखू व दारू वर्ज्य ठरली. चहा-कॉफीही त्यातच आली आणि पंथातील श्रद्धाळू आजही हे पाळतात.

मिसुरी सोडल्यावर पंथाने इलिनॉय राज्यात नदीकाठी नावू हे गाव वसविले. पहिल्या उन्हाळ्यात हिवतापाची साथ आली, तेव्हा एमाबाईंचे घर आजाऱ्यांनी भरून गेले. १७ मार्च १८४२ रोजी तेथेच स्त्रियांची 'रिलीफ सोसायटी' स्थापन झाली. मंदिर बांधणाऱ्या मजुरांसाठी सदरे शिवावेत, एवढ्याच विचारातून ही कल्पना निघाली होती. वीस बायकांनी आरंभ केला, एमाबाई अध्यक्षा झाल्या आणि दोन वर्षांत सभासद १३०० च्या वर गेल्या.

परंतु याच काळात घरावर मोठे संकट आले. जोसेफ यांनी अनेक स्त्रियांशी गुप्तपणे विवाह लावले होते. एमाबाईंनी एकदा मनावर दगड ठेवून संमती दिली आणि ती परतही घेतली. सोसायटीच्या सभांतूनही त्या या चालीविरुद्ध बोलत राहिल्या. १८४४ च्या मार्चनंतर त्या सभा बंद पडल्या. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ व त्यांचे बंधू हायरम यांना गोळ्या घातल्या. एमाबाई तेव्हा गरोदर होत्या. धाकटा डेव्हिड नोव्हेंबरात जन्मला.

१८४६ पासून ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली बहुतेक मंडळी पश्चिमेकडे निघाली आणि यूटात जाऊन स्थिरावली. एमाबाई गेल्या नाहीत. यंग यांच्याशी मालमत्तेचा तंटा होता आणि बहुपत्नीकत्व त्यांना मान्य नव्हते. यूटात त्यांना बराच दोष लावला गेला. १८४७ च्या डिसेंबरात त्यांनी लुई बिडामन या पंथाबाहेरच्या गृहस्थाशी विवाह केला, तेव्हा तर टीकेला आणखी धार आली. पण त्या मागे राहून काय करीत होत्या? वृद्ध सासूची, ल्यूसी स्मिथ यांची, १८५६ साली त्यांचा अंत होईपर्यंत त्यांनी सेवा केली. मुलांना वाढविले. बिडामन यांना परस्त्रीपासून मुलगा झाला, तेव्हा त्या चार वर्षांच्या पोरालाही घरात घेऊन सांभाळले.

१८६० साली थोरला मुलगा जोसेफ (तिसरा) पुनर्गठित पंथाचा अध्यक्ष झाला. या पंथाने २००१ साली 'कम्युनिटी ऑफ क्राइस्ट' हे नाव घेतले. त्याच्या १८६१ च्या पुस्तकासाठी गीते निवडण्याचे काम पुन्हा एमाबाईंकडेच आले. बर्फावरून आणलेली हस्तलिखिते त्यांनी इतकी वर्षे जपली होती. ती त्यांनी या पंथाच्या स्वाधीन केली आणि १८६७ साली ती छापून निघाली.

एक गोष्ट लपविता येत नाही. १८७९ च्या फेब्रुवारीत मुलांनी विचारले असता, तुमच्या वडिलांना दुसरी पत्नी नव्हती, असे एमाबाईंनी सांगितले. पुरावा याच्या उलट आहे. यूटातील चर्चनेही २०१४ साली ते विवाह मान्य केले. मुलांपुढे पित्याची प्रतिमा राखावी असे वाटले असेल, किंवा ते दुःख पुन्हा उच्चारणेच नको झाले असेल. ज्या घराण्यांनी सवतींचा काळ पाहिला आहे, त्यांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मौन समजण्यास फारसे कठीण जाऊ नये.

३० एप्रिल १८७९ रोजी नावू येथे एमाबाई निवर्तल्या. ज्या पंथाशी त्यांनी फारकत घेतली, त्याची रिलीफ सोसायटी आज जगभर पसरली असून ती त्यांनाच पहिली अध्यक्षा मानते. दोन्ही पंथांच्या गीतपुस्तकांची परंपरा त्यांच्याच निवडीपासून सुरू होते. यात्रेबरोबर चालणे हीच निष्ठा, असे पुष्कळांनी मानले. एमाबाईंची निष्ठा त्यांच्या घरात होती आणि ती त्यांनी अखेरपर्यंत राखली.