डॉक्टर थॉमस चामर्स व त्यांचे पंचवीस विभाग

स्कॉटलंडांतील डॉक्टर थॉमस चामर्स यांचें नांव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कानांवर आलें असेल. थोर वक्ते, विद्वान् अध्यापक आणि स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पहिले अध्यक्ष म्हणून इतिहास त्यांस ओळखतो. त्यांच्या चरित्राचा जो भाग खेड्यांतील मंडळ्यांच्या विशेष उपयोगाचा आहे तो मात्र फारसा सांगितला जात नाहीं. मंडळींतील व्यापारी, कारकून, दुकानदार अशा सामान्य माणसांनीं, एक पैही वेतन न घेतां व आपापला धंदा सांभाळून, दरिद्री शेजाऱ्यांची सेवा करावी, अशी व्यवस्था त्यांनीं एका मोठ्या शहरांत बसविली. तीच हकीकत आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चामर्स यांचा जन्म १७८० सालच्या मार्च महिन्यांत फाइफ प्रांतांतील अ‍ॅन्स्ट्रदर नांवाच्या समुद्रकांठच्या गांवीं झाला. वडील व्यापारी होते. घरांत चौदा भावंडें, त्यांत हे सहावे. अकराव्या वर्षीं ते सेंट अँड्र्यूज येथील विद्यापीठांत गेले आणि गणितावर त्यांचें मन असें बसलें कीं, दुसरें कांहीं त्यांस गोड लागेना. एकोणिसाव्या वर्षीं उपदेश करण्याची परवानगी मिळाली व १८०३ सालीं किल्मनी या लहानशा शेतकरी गांवाचे ते पाळक झाले.

पाळक झाले खरे, पण त्या वेळीं त्यांचें चित्त मेंढरांकडे नव्हतें. सप्ताहाचे बरेच दिवस विद्यापीठांत शिकविण्यांत जात, आणि शनिवारीं गांवीं येऊन रविवारचा उपदेश उरकीत. १८०५ सालीं तर त्यांनीं एक निनांवी पुस्तिका छापून असें प्रतिपादन केलें कीं, पाळकाचें काम यथायोग्य केल्यावरही त्यास सप्ताहांतून पांच दिवस शास्त्राभ्यासाकरितां मोकळे मिळतात. ही पुस्तिका वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुढें पुनः निघावयाची आहे.

नंतर घरांत मृत्यु शिरला. एक भाऊ व एक बहीण क्षयानें गेलीं. १८०९ सालीं चामर्स स्वतः अंथरुणास खिळले व पुष्कळ महिने त्यांस खोलीबाहेर पडतां आलें नाहीं. त्या एकांतांत विल्बरफोर्स साहेबांचें ख्रिस्ती धर्मावरील पुस्तक त्यांच्या हातीं आलें, आणि १८११ सालच्या सुमारास त्यांचें अंतःकरण पालटलें. उठले ते निराळेच पाळक होऊन उठले. घरोघर जाऊं लागले, आजाऱ्यांपाशीं बसूं लागले, मुलांस शिकवूं लागले.

किल्मनीस असतांनाच त्यांनीं बायबल सोसायटीकरितां एक लहान संस्था काढली. प्रत्येकानें आठवड्यास एक पेनी द्यावी, एवढेंच तिचें बंधन. यावर कांहीं सुज्ञ म्हणविणाऱ्यांनीं आक्षेप घेतला कीं, गरिबांकडून पैसा घेणें म्हणजे त्यांच्या तोंडचा घांस काढणें होय. चामर्स यांनीं १८१४ सालीं यास छापील उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, जो गरीब स्वतः दुसऱ्यास देऊं लागतो तो भीक मागण्याच्या पायरीवर सहसा उतरत नाहीं. पेनी देण्यानें त्याचें नुकसान होत नसून त्याची मान वर होते. आमच्या ज्या भगिनी दररोज दळणांतून मूठभर धान्य मंडळीकरितां बाजूस काढितात त्यांस या मुद्द्याची सत्यता समजावून सांगावयास नको.

१८१५ सालीं त्यांस ग्लासगो शहरांतील ट्रॉन मंडळीनें बोलाविलें. गिरण्या व हातमाग यांच्या योगें तें शहर झपाट्यानें वाढलें होतें. दहा-अकरा हजार वस्तीचा एक विभाग एका पाळकाकडे! त्यांतून शहरची रीत अशी कीं, पाळकानें दाखल्यांवर सह्या कराव्या, प्रेतयात्रांस जावें, नाना तऱ्हेच्या कमिट्यांत बसावें. अमुक गटार उघडें ठेवावें कीं झांकावें, आणि दरिद्री लोकांच्या रुग्णालयांत रस्सा कोणत्या मांसाचा करावा, यांवर भरलेल्या सभांत बसून बसून चामर्स अगदीं त्रासून गेले. हें वाचून कित्येक पाळकबंधु मनांतल्या मनांत हंसतील!

तथापि त्यांनीं सुमारें दोन वर्षांत आपल्या विभागांतील सारीं घरें पायीं पाहिलीं. बरोबर मंडळीचा एखादा वडील असे. दारांत उभें राहून थोडी विचारपूस करावयाची, आणि संध्याकाळीं जवळच्याच शाळेच्या किंवा कारखान्याच्या खोलींत त्या गल्लींतील लोकांस जमवून उपदेश करावयाचा. तेव्हां त्यांस कळून आलें कीं, हजारों लोक कोणत्याही मंडळींत जात नाहींत, आणि त्यांचीं मुलें देवाच्या वचनाविषयीं कांहींएक जाणत नाहींत. मग १८१६ सालीं त्यांनीं कांहीं तरुणांस घेऊन रविवारच्या शाळा काढल्या. तोंपर्यंतची रीत अशी असे कीं, शाळा उघडून शिक्षकानें बसावें व येतील तीं मुलें शिकवावीं. चामर्स यांनीं ती पालटली. प्रत्येक शिक्षकास तीस-चाळीस घरांची एक गल्ली नेमून दिली. त्यानें त्या घरांच्या दारीं जावें, आईबापांशीं ओळख करावी, मुलांस स्वतः घेऊन यावें, आणि एखादें मूल आलें नाहीं तर संध्याकाळीं त्याच्या घरीं जाऊन कां आलें नाहीं हें विचारावें. दोन वर्षांत सुमारें बाराशें मुलें या शाळांत आलीं. या शिक्षकांत डेव्हिड स्टो नांवाचे एक तरुण व्यापारी होते. गल्लींतील मुलांस शिकवितां शिकवितां त्यांस शिक्षणाचीच गोडी लागली, आणि पुढें शिक्षक तयार करण्याची शाळा काढून ते प्रसिद्धीस आले.

१८१९ सालीं शहराच्या पूर्वेकडे सेंट जॉन या नांवाचा नवा विभाग करून तो चामर्स यांच्या स्वाधीन करण्यांत आला. सुमारें दहा हजार वस्ती, दोन हजार कुटुंबें. विणकर, मजूर, गिरणीकामगार. त्यांपैकीं आठशेंहून अधिक कुटुंबांचा कोणत्याही मंडळीशीं संबंध नव्हता. त्यांतून तीं वर्षें मोठ्या टंचाईचीं होतीं. माग बंद पडत होते, आणि १८२० सालीं तर त्या प्रांतांतील विणकरांनीं दंगाही केला.

चामर्स यांनीं या विभागाचे पंचवीस भाग पाडिले. एका भागांत साठापासून शंभरापर्यंत कुटुंबें. प्रत्येक भागावर एक वडील व एक डीकन. वडिलानें लोकांच्या आत्म्याची काळजी वाहावी, डीकनानें त्यांच्या प्रपंचांतील अडचणी पाहाव्या. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत अन्नदानाच्या कामाकरितां सात जण निवडल्याचें आपण वाचतों. पण डीकनाचें तें काम स्कॉटलंडच्या मंडळींत बहुतेक बंद पडलें होतें. चामर्स यांनीं तें पुनः सुरू केलें. शिवाय दोन शाळागृहें बांधून चार शिक्षक नेमिले. अल्प फी घेऊन सातशें मुलें तेथें शिकूं लागलीं. रविवारच्या शाळा चाळीस-पन्नास झाल्या.

आतां कठीण भाग. शहरांतील दरिद्री लोकांस कराच्या पैशांतून मदत मिळे. चामर्स यांस ही रीत मान्य नव्हती. दूरच्या कचेरींतून मिळणारा पैसा मुलास आईबापांविषयीं, भावास भावाविषयीं व शेजाऱ्यास शेजाऱ्याविषयीं निष्ठुर करितो, असें त्यांचें मत होतें. त्यांनीं शहराच्या कारभाऱ्यांशीं करार केला कीं, सेंट जॉनचा एकही नवा दरिद्री तुमच्याकडे पाठविणार नाहीं. आमच्या मंडळीच्या दारीं जी वर्गणी पडेल तीवर आम्ही भागवूं. संध्याकाळच्या उपासनेस त्या विभागांतील कामकरी लोकच बहुशः येत. त्यांच्या अर्ध्या-अर्ध्या पेनींचा फंड नव्या अर्जदारांकरितां राखून ठेविला.

कोणी मदत मागितली म्हणजे डीकन स्वतः त्याच्या घरीं जाई. अंगांत काम करण्याची शक्ति आहे काय? असल्यास काम कोठें मिळेल? मुलें, भाऊ, नातलग कोण आहेत, व ते काय करूं शकतील? शेजारी काय म्हणतात? इतकें पाहूनही गरज उरली तर दुसऱ्या डीकनास बरोबर नेऊन पुनः चौकशी होई, आणि मग सर्व डीकनांच्या सभेपुढें तें काम येई.

एका घरीं आईबाप दोघेही वारले व सहा मुलें मागें राहिलीं. तीन कमावतीं होतीं. त्यांनीं अर्ज केला कीं, धाकट्या तिघांस शहराच्या अनाथगृहांत घालावें. डीकनानें त्यांस सांगितलें कीं, घर मोडूं नका. एकत्र राहाल तर दर तिमाहीस थोडी मदत करूं. मुलांनीं ऐकिलें, आणि तें घर टिकलें. दुसऱ्या एका खोलींत मायलेकी दोघीही कर्करोगानें पडल्या होत्या. त्यांच्याकरितां फंडांतून काय द्यावें म्हणून चौकशी केली, तों शेजारच्या गरीब बायकांनींच त्यांस कांहीं उणें पडूं दिलें नव्हतें असें आढळलें. पुष्कळ डीकनांनीं असें कळविलें कीं, हें काम महिन्यांतून थोड्या तासांत होतें. जो घरें जाणतो त्यास कोण खरा दीन व कोण सोंगाड्या हें ओळखण्यास वेळ लागत नाहीं.

पूर्वीं या विभागाच्या दरिद्र्यांवर सालीना १,४०० पौंड खर्च होत असे. चार वर्षांत तो २८० पौंडांवर आला.

या आंकड्यानें सर्वत्र मोठी चर्चा माजली, आणि विरोधकांनीं जे आक्षेप काढिले त्यांत तथ्य नव्हतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. श्रीमंत डीकन आपल्या खिशांतून गुप्तपणें देत असतील, तें हिशेबांत येत नाहीं. कित्येक गरजू मागण्याची लाज वाटून उपाशी राहात असतील. आणि चामर्स यांच्यासारखा पुरुष प्रत्येक विभागास कोठून मिळावा? हें शेवटलें तर उघड आहे. १८२३ सालीं चामर्स अध्यापक होऊन सेंट अँड्र्यूजला गेले. त्यांच्या मागें डीकनांनीं तें काम आणखी चौदा वर्षें चालविलें, परंतु स्वतःचे दरिद्री पोसून शिवाय शहराचा गरीब-करही द्यावा लागत असल्यामुळें १८३७ सालीं तें बंद पडलें. माणूस गेल्यावर चौदा वर्षें चाललेलें काम केवळ त्या माणसाचें नव्हतें, असें आम्हांस वाटतें. मात्र कायद्याची मदत मुळींच नको हा त्यांचा हट्ट आम्हांस पटत नाहीं. रोगराईनें किंवा गिरणी बंद पडल्यानें सारी गल्लीच बुडाली असतां शेजाऱ्यानें शेजाऱ्यास कोठवर सांभाळावें?

सेंट अँड्र्यूज येथें शिकवीत असतांही ते रविवारीं आसपासच्या गरीब मुलांस घरीं जमवून स्वतः शिकवीत. त्यांच्या तेथील शिष्यांपैकीं अलेक्झांडर डफ साहेब पुढें कलकत्त्यास आले. १८२५ सालीं जनरल असेंब्लींत पाळकांनीं अध्यापकीही करावी कीं नाहीं यावर वाद चालला असतां एका प्रतिपक्ष्यानें ती वीस वर्षांपूर्वींची निनांवी पुस्तिका वाचून दाखविली. चामर्स उठले. ती आपणच लिहिली असें त्यांनीं भर सभेंत कबूल केलें, आणि गणितांत परिमाणें मोजीत बसलों असतां काळाची अल्पता व अनंतकाळाची महती हीं दोन परिमाणें आपण विसरलों होतों, अशा आशयाचें बोलून ते खालीं बसले.

१८२८ पासून ते एडिंबरो येथें ईश्वरज्ञानाचे अध्यापक होते. १८४३ सालच्या १८ मे रोजीं सुमारें ४७० पाळक सरकारी वेतन व घरेंदारें सोडून बाहेर पडले व त्यांनीं फ्री चर्च स्थापिलें, त्याचे चामर्स हे पहिले अध्यक्ष. मुंबईचे डॉक्टर जॉन विल्सन हेही त्या वेळीं त्यांस मिळाले.

एवढ्यानें कोणीही तृप्त झाला असता. पण चौसष्ट वर्षांचे झाल्यावर चामर्स पुनः एका घाणेरड्या गल्लींत उतरले. एडिंबरोचा वेस्ट पोर्ट म्हणून जो भाग, तेथेंच १८२८ सालीं बर्क व हेअर या दोघांनीं माणसें मारून त्यांचीं प्रेतें विकलीं होतीं. तेथें सुमारें दोन हजार लोक राहात, आणि बहुतेक कुटुंबें कोणत्याही मंडळींत जात नसत. चामर्स यांनीं त्या भागाचे वीस लहान विभाग केले, प्रत्येकांत वीसेक घरें, आणि दर सप्ताहास प्रत्येक घरीं जाण्याकरितां भेटी देणारे स्वयंसेवक नेमिले. १८४४ सालीं चामडें कमाविण्याच्या एका जुन्या माळ्यावर शाळा व उपासना सुरू झाली. पहिल्या उपासनेस थोडींच माणसें, तींही बहुतेक म्हाताऱ्या बायका, आलीं. विल्यम टास्कर नांवाच्या पाळकास तेथें नेमिलें, आणि स्वयंसेवक गल्लोगल्लीं फिरत राहिले.

याच सुमारास त्यांच्या मतांसही कसोटी लागली. १८४५ सालीं स्कॉटलंडांत गरिबांच्या मदतीचा नवा कायदा झाला. तो त्यांच्या शिकवणीच्या उलट होता. परंतु १८४६ सालीं बटाट्यांचें पीक कुजून आयर्लंडांत व स्कॉटलंडच्या डोंगरी भागांत दुष्काळ पडला, तेव्हां या वृद्ध पुरुषानें आपल्या जुन्या सिद्धांतास चिकटून न राहतां सरकारनें सढळ हातानें लोकांस वांचवावें असें लिहिलें.

१८४७ सालच्या फेब्रुवारींत वेस्ट पोर्टांत मंडळीची स्वतःची इमारत उघडली. २५ एप्रिल रोजीं चामर्स यांनीं तेथें प्रभुभोजन दिलें. घेणारे शंभराहून अधिक होते, आणि त्यांतील बहुतेक त्याच गल्ल्यांत राहणारे. पुढें पांच सप्ताहांनीं, ३० मेच्या रविवारीं, रात्रीं ते घरच्या मंडळीस भेटून निजावयास गेले. दुसऱ्या दिवशीं त्यांस असेंब्लीपुढें एक अहवाल मांडावयाचा होता. सकाळीं हांक मारिली तों उत्तर आलें नाहीं. रात्रींच ते झोपेंत प्रभूकडे गेले होते. ४ जून रोजीं त्यांस ग्रेंज येथील स्मशानभूमींत पुरलें. वेस्ट पोर्टांतील शाळा व मंडळी टास्कर यांच्या हाताखालीं पुढें चालू राहिली.