पोंभुर्ल्याचा बाळ



गेल्या पावसाळ्यात वैभववाडीकडील एका वाडीत घरभेटीस गेलो असता एका मातेने मला ओसरीवर बसवून आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचे गाऱ्हाणे सांगितले. मुलगा आळशी नव्हे, खोटे बोलणारा नव्हे, उनाडही नव्हे. तो फार हुशार आहे, हेच गाऱ्हाणे. गुरुजींचे गणित फळ्यावर लिहून पुरे होण्यापूर्वी तो उत्तर सांगून मोकळा होतो, आणि मग शेजारच्या मुलास मंद म्हणून चिडवितो. घरी बापास असे काही विचारतो की बाप निरुत्तर होतो व रागावतो. शब्बाथशाळेत काइनाची बायको कोणाची मुलगी, एवढे विचारून त्याने शिक्षिकाबाईंस घाम फोडला. पाळकसाहेब, ह्या मुलाविषयी मी आनंद मानावा की काळजी करावी, असे त्या माउलीने मला विचारले.

मी तिला दोन शब्द सांगून प्रार्थना केली आणि निघालो. परंतु माझे उत्तर अपुरे आहे हे मला ठाऊक होते. वाटेत मला आमच्याच सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका मुलाची आठवण झाली. त्याची कथा सर्व मंडळ्यांतील आईबापांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ती येथे सांगत आहे.

वैभववाडीहून समुद्राच्या बाजूस देवगड तालुक्यात पोंभुर्ले नावाचे गाव आहे. तेथे सन १८१२ मध्ये गंगाधरशास्त्री जांभेकर ह्यांच्या घरी एक पुत्र जन्मला. पुढे सारा महाराष्ट्र त्यास बाळशास्त्री जांभेकर म्हणून ओळखू लागला. मूल सहा वर्षांचे झाले त्या वर्षी, म्हणजे १८१८ मध्ये, पेशवाई संपली व कोकणपट्टीवर कंपनी सरकारचा अंमल बसला. जुनी विद्या शिकलेल्या घरांस पुढे काय, हे कळेना. राजाश्रय गेला होता आणि नव्या राज्याची भाषा कोणास येत नव्हती.

गंगाधरशास्त्री स्वतः विद्वान होते. मुलाची बुद्धी तीव्र आहे हे त्यांच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही. त्यांनी त्यास घरीच मराठी व संस्कृत शिकविले. हुशार मुलाच्या बापास दोन मोह होतात. एक, मुलास चारचौघांपुढे उभे करून त्याची बुद्धी तमाशासारखी दाखविण्याचा. दुसरा, त्याच्या प्रश्नांनी त्रासून त्यास गप्प बसविण्याचा. पहिल्याने मूल गर्विष्ठ होते आणि दुसऱ्याने कोमेजते. ह्या दोहोंवर उपाय एकच, तो म्हणजे बुद्धीच्या बरोबरीचे काम मुलाच्या हाती देणे. संस्कृत व्याकरण हे असे काम आहे की कितीही चपळ मुलास ते दमविल्यावाचून राहत नाही.

तथापि बापाच्या विद्येस मर्यादा होती. नवीन काळास जे ज्ञान हवे होते ते पोंभुर्ल्यास मिळणे शक्य नव्हते. बाळ बारा-तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्यास मुंबईस पाठविण्यात आले. आज वैभववाडीच्या स्टेशनावर गाडीत बसलेला मनुष्य त्याच दिवशी मुंबईस उतरतो. त्या काळी ह्या देशात आगगाडी नव्हती. पहिली गाडी मुंबईहून सुटली ती १८५३ मध्ये. घरातून गेलेला मुलगा पुन्हा केव्हा दिसेल ह्याचा भरवसा नसे. हन्नेने लहान शमुवेलास मंदिरात नेऊन सोडले तेव्हा तिच्या मनास काय वाटले असेल ह्याचा विचार आपण करतो. कोकणातील पुष्कळ मातांनी ते दुःख पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे, आणि त्यांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत.

मुंबईस बाळ ज्यांच्या हाताखाली शिकला ते सदाशिव काशिनाथ छत्रे, ज्यांस लोक बापू छत्रे म्हणत. त्यांच्यापाशी त्याने इंग्रजीचे अध्ययन केले, व बापूशास्त्री शुक्ल ह्यांच्यापाशी संस्कृत पुढे चालविले. बापू छत्रे ह्यांना मुलांची मोठी आवड असावी, कारण १८२८ मध्ये त्यांनी इसापाच्या नीतिकथा व बाळमित्र नावाचे पुस्तक मराठीत आणून मुलांच्या हाती दिले. मुलांसाठी लिहिणारा मनुष्य ह्या मुलास गुरू मिळाला, हे त्याचे मोठे भाग्य होय. बापाने दार उघडून मुलास जाऊ दिले आणि दुसऱ्या एका मनुष्याने आपले दार उघडून त्यास आत घेतले. ह्या दोहोंपैकी एक जरी घडले नसते तरी पोंभुर्ल्याचा बाळ पोंभुर्ल्यासच राहिला असता.

विद्यार्थी असतानाच त्याने गणितात व नव्या शास्त्रांत प्रावीण्य मिळविले. विशीच्या आतबाहेर असता मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने त्यास आपला डेप्युटी सेक्रेटरी नेमले. पुढे तो अक्कलकोटच्या युवराजाचा शिक्षक झाला. सन १८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापकाची जागा मिळाली. त्या जागी बसणारे ते पहिले एतद्देशीय. मराठी, संस्कृत व इंग्रजीखेरीज गुजराती, बंगाली, फारसी, फ्रेंच, लॅटिन अशा अनेक भाषा त्यांस येत होत्या. काही काळ कुलाब्याची वेधशाळाही त्यांच्या देखरेखीखाली होती. १८४० मध्ये सरकारने त्यांस जस्टिस ऑफ द पीस केले.

आता, वाचकहो, मुख्य गोष्टीकडे लक्ष द्या. बुद्धिमान मुलाविषयी आईबापांस वाटणारी मोठी भीती ही की तो मोठा होऊन आपल्याच लोकांस तुच्छ लेखील. बाळशास्त्र्यांच्या ठायी असे झाले नाही. जे आपणांस सहज समजले ते इतरांस कसे समजेल, ह्याचीच त्यांनी आयुष्यभर चिंता वाहिली. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी दर्पण हे मराठीतील पहिले वृत्तपत्र काढले. त्याच्या पानावर एका बाजूस इंग्रजी व एका बाजूस मराठी मजकूर असे. पहिल्याने ते पंधरवड्यास निघे, पुढे त्याच वर्षी साप्ताहिक झाले. त्यांचे वय त्या वेळी अवघे वीस वर्षांचे होते. विधवांच्या पुनर्विवाहाचा प्रश्न व पश्चिमेकडील नवीन शास्त्रे ह्यांची चर्चा त्यात होई. १८४० मध्ये दर्पण बंद झाले, परंतु त्याच वर्षी त्यांनी दिग्दर्शन नावाचे मासिक सुरू केले. भूगोल, इतिहास, रसायन, सृष्टिज्ञान असे विषय त्यात सोप्या रीतीने सांगितलेले असत.

शाळेतील मुलांसाठीही त्यांनी पुष्कळ लिहिले. बालव्याकरण, नीतिकथा, भूगोल, इंग्लंडचा व हिंदुस्थानचा इतिहास अशी पुस्तके त्यांनी केली. शून्यलब्धी ह्या कठीण गणितावरही मराठीत ग्रंथ लिहिला. शाळातपासनीस म्हणून ते शाळा पाहत, आणि पुढे शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलाचे काम त्यांजकडे आले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलांत दादाभाई नौरोजी व भाऊ दाजी होते. हे भाऊ दाजी गोव्याकडील. लहानपणी बुद्धिबळाच्या डावात मोठ्यांस हरविणारे म्हणून त्यांचा लौकिक होता. एका हुशार मुलाची पारख हुशार मुलगा राहिलेल्या शिक्षकासच चांगली होते. जो मुलगा शेजाऱ्यास मंद म्हणून चिडवितो त्यास मारून उपयोग नाही. त्याच शेजाऱ्यास गणित समजावून देण्याचे काम त्याच्यावर सोपवावे. समजावून देणे हे उत्तर सांगण्याहून किती कठीण आहे, हे त्यास एका दिवसात कळेल.

आता एक प्रसंग सांगतो. तो आम्हा ख्रिस्ती लोकांस थोडा अवघड आहे, म्हणून गाळून टाकणे सोपे होते. परंतु गाळणे योग्य होणार नाही.

सन १८४३ मध्ये मुंबईच्या स्कॉच मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या नारायण शेषाद्री नामक तरुण ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. हेच पुढे पाळक झाले व जालन्याजवळ बेथेल नावाचे गाव त्यांनी वसविले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हाही त्याच शाळेत असे. तो वयाने अज्ञान होता. भावापाठोपाठ तो मिशनरी साहेबांच्या घरी राहिला व तेथे जेवला. बापाने सुप्रीम कोर्टात फिर्याद नेली आणि कोर्टाने मुलास बापाच्या ताब्यात दिले. पण घरी आलेल्या मुलास जात घरात घेईना. मिशनरी घरचे अन्न त्याच्या पोटात गेले होते. भाऊ एकीकडे, बाप दुसरीकडे, जात तिसरीकडे, आणि मध्ये एक लहान मुलगा अशी स्थिती झाली.

तेव्हा बाळशास्त्री पुढे झाले. मुलास प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे ह्यासाठी त्यांनी खटपट केली. सनातनी मंडळींनी जोराचा विरोध केला, आणि त्यांस आपल्याच जातीचा रोष सोसावा लागला. तरी ते मागे हटले नाहीत. मुलास परत घेण्याची व्यवस्था त्यांनी केली.

त्या वादात मिशनरी व बाळशास्त्री एकमेकांच्या समोर उभे होते. मी ख्रिस्ती पाळक आहे, आणि नारायणरावांच्या निश्चयाविषयी माझ्या मनात आदर आहे. तरी बाळशास्त्र्यांनी जे केले त्यात मला एक मोठी गोष्ट दिसते. कोर्टाने मुलाचे वय पाहिले, जातीने त्याचे जेवण पाहिले. परंतु हा मुलगा आता रात्री निजेल कोठे, हे बाळशास्त्र्यांनी पाहिले. जे मूल विचार करते ते केव्हा ना केव्हा आपल्या घराबाहेर पाऊल टाकणारच. त्यास परतावेसे वाटले तर दार उघडे असावे, हे त्यांनी स्वतःच्या मानाची पर्वा न करता आपल्या लोकांस सांगितले. आपल्या मंडळ्यांत असे किती वेळा होते? हुशार मुलगा शहरात जातो, शंका घेऊन परत येतो, उपासनेस येईनासा होतो. वडील मंडळी त्यास टोमणे मारतात. दार उघडे आहे असे त्यास कोणी सांगत नाही, आणि मग तो खरोखरच निघून जातो. ह्या बाबतीत, आपल्या मताविरुद्ध असलेल्या त्या गृहस्थापासून आपण शिकावे हे बरे.

पुढे १८४५ मध्ये बाळशास्त्र्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून प्रसिद्ध केली. त्यांचे कार्य असे चहूकडे पसरत असता १८४६ च्या मे महिन्यात मुंबईस त्यांचा अंत झाला. वय केवळ चौतीस वर्षांचे होते. अध्यापन, लेखन, तपासणी, वेधशाळा, प्राचीन ताम्रपट वाचणे, एवढी ओझी एका मनुष्याच्या खांद्यावर होती. मृत्यूचे दिवस परमेश्वराच्या हाती आहेत, म्हणून कामाच्या ओझ्यानेच ते गेले असे मी म्हणणार नाही. परंतु बुद्धिमान मुलाविषयी एक इशारा ह्यावरून घ्यावासा वाटतो. ज्यास सर्व काही येते त्यास सर्वजण सर्व काही सांगतात. घरचा हिशेब तोच करील, अर्ज तोच लिहील, धाकट्यांस तोच शिकवील, मंडळीच्या कार्यक्रमात पाठांतरही तोच म्हणेल. अशा मुलास खेळण्यास, आंब्याच्या झाडावर चढण्यास आणि काहीही न करता नदीकाठी बसण्यास वेळ द्यावा. तो मूल आहे हे त्याच्या हुशारीमुळे आपण विसरू नये.

पोंभुर्ल्यास आज बाळशास्त्र्यांचे स्मारक आहे, आणि ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळतात. ज्यांस सवड होईल त्यांनी आपल्या मुलांस घेऊन एकदा तेथे जावे. आपल्यासारख्याच लाल मातीच्या गावातून तो मुलगा निघाला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले बरे.

आता त्या माउलीस माझे उत्तर. बाई, आनंदही माना आणि काळजीही करा. दोन्ही एकाच मुलाची आहेत. आपला प्रभू बारा वर्षांचा असता यरुशलेमेत मागे राहिला व गुरुजनांमध्ये बसून प्रश्न विचारू लागला. त्याची आई तीन दिवस व्याकूळ होऊन त्यास शोधीत होती. तो सापडला तेव्हा त्याचे बोलणे तिला समजले नाही. तरी तिने ते सर्व आपल्या अंतःकरणात ठेविले. तुम्हांसही मुलाचा प्रत्येक प्रश्न समजेल असे नाही. ज्याचे उत्तर येत नसेल तेथे येत नाही असे त्यास सरळ सांगा, आणि ज्यास येत असेल त्याच्याकडे त्यास न्या. धन्यांना तसेच सांगा. मुलापुढे अज्ञान कबूल केल्याने बापाचा मान जात नाही, रागावल्याने मात्र जातो.

आणि काइनाच्या बायकोविषयी मलाही पक्के उत्तर देता येत नाही. पुढच्या भेटीत मी त्या मुलाजवळ बसून ते कबूल करणार आहे.